बाग पाहण्याची रीत

गेल्या जुलैत आईला घेऊन खालापूरच्या बाजूच्या एका रिसॉर्टमध्ये गेलो होतो. भाचीचा दहावा वाढदिवस होता, जागा तिनेच निवडलेली. जागेचं नाव सांगत नाही. द्रुतगती मार्गावरून खालापूरला उतरलं की अशा पाट्या एकीला एक लागून आहेत, नावावरून काही वेगळं कळणार नाही. कमानीवर 'गावरान अनुभव' असं लिहिलेलं. आत सारवलेली पडवी, बाज, जातं, बैलगाडी, चुलीवरचं जेवण, झिपलाइन, आणि पावसाळ्याचे दोन महिने 'भातलावणी'.

लावणीसाठी बॅडमिंटनच्या कोर्टाएवढं एक खाचर केलेलं होतं. काठावर पाय धुवायला नळ, टॉवेल ठेवायला बाक. टी-शर्टवर रिसॉर्टचं नाव असलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा पोरांच्या हातात चार-चार रोपं देत होता. आईकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्ही पण ट्राय करा ना." आई सत्तरीची, गुडघे दुखतात. मला वाटलं नको म्हणेल. तिने पदर खोचला आणि उतरली. त्याच्या हातातली अख्खी मूठ घेतली, सोडली, आणि पोरांची पाच-सहा रोपं लागेपर्यंत मागे-मागे सरकत दोन ओळी पुऱ्या केल्या. सगळ्यांनी मोबाइल काढले. "आजी प्रो आहेत," कोणीतरी म्हणालं.

पाय धुताना आईने त्या मुलाला विचारलं, "पाणी कुठनं काढता बाहेर?" त्याला प्रश्न कळला. तो हसला आणि म्हणाला, "काढत नाय, आजी." मग आवाज खाली आणून, "आमची पण लावणी चालूय घरी. शनिवार-रविवार सुट्टी नाय मिळत." तो जवळच्याच एका ठाकरवाडीतला होता.

जेवताना आई म्हणाली, "ही रोपं सोमवारी उपटत असणार. शनिवारी परत लावायला." थोड्या वेळाने, कुणाला उद्देशून नाही असं, "ह्या भाताला लोंबी यायची नाय."

तेव्हापासून मी लोकांसाठी उघड्या असलेल्या बागांकडे समीक्षकाच्या नजरेने बघायला लागलो. आपल्याकडे नाटकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, मिसळीचीही होते. बागेची होत नाही. रविवारच्या पुरवण्यांमध्ये 'एक दिवसाची सहल' असते, त्यात अंतर, दर आणि जेवणातले पदार्थ असतात. दुसरीकडे झाडांकडे बघण्याची उत्तम परंपरा मराठीत आहे. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं, शरदिनी डहाणूकरांचं 'वृक्षगान' त्यानंतर. शेतात राबण्याबद्दलचं लिखाण तर भरपूर आहे. मात्र कुणीतरी पिकवलेल्या, आखलेल्या, राखलेल्या जागेत तिकीट काढून जाणं, तिथे आपल्याला काय दाखवलं जातं आणि काय दाखवलं जात नाही, याबद्दल माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही. कर्जत-खालापूर हे दोन तालुके आता जवळजवळ या एका कामावर जगू लागलेले असताना ही उणीव जाणवते.

*

आधी शब्द बघू. 'उद्यान' म्हटलं की नगरपालिका आठवते, वेळापत्रक आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटी. 'बाग' हा फारसीतून आलेला शब्द, पण सातबाऱ्यावर 'बागायत' म्हणजे पाण्याखालची जमीन आणि 'जिरायत' म्हणजे पावसावरची. म्हणजे सरकारी कागदात बाग ओळखली जाते ती पाण्यावरून, सौंदर्यावरून नाही. देशावर 'मळा' आहे. सावता माळ्याची सगळी भक्ती त्या मळ्यातच झाली. परंपरा सांगते की तो पंढरीला गेला नाही, देवच अरणला त्याच्याकडे आला. बाग बघायला येणाऱ्या पाहुण्याची ही मराठीतली सगळ्यात मोठी गोष्ट असावी, आणि तिच्यात माळी काम थांबवत नाही.

कोकणात मात्र खरा शब्द 'वाडी'. तिचे दोन अर्थ आहेत. नारळी-पोफळीची, आंब्याची ती वाडी. आणि माणसं राहतात तीही वाडी. ठाकरवाडी, कातकरवाडी, बौद्धवाडी. जिथे झाडं लावली तिथेच घर, म्हणून शब्द एकच. बागेत माणूस राहतो, राबतो, हे या शब्दाला वेगळं सांगावं लागत नाही.

कर्जत-खालापूरच्या नव्या पाट्यांवर वाडी हा शब्द क्वचित दिसतो. तिथे 'व्हॅली' आहे, 'मेडोज' आहे, 'ऑर्चर्ड' आहे. हे इंग्रजीचं वेड म्हणून मी सोडून देत असे. आता वाटतं, शब्द नेमका निवडलेला आहे. व्हॅलीत कोणी राहत नाही, ती बघायची असते.

*

गावाकडच्या खासगी बागा लोकांना खुल्या करण्याची रीतसर पद्धत इंग्लंडची. १९२७ साली तिथे एक योजना सुरू झाली. घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा होता. बागमालकांनी आपली बाग ठरलेल्या दिवशी उघडायची, माणशी एक शिलिंग घ्यायचा आणि पैसे परिचारिकांना द्यायचे. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजार पौंडांच्या वर रक्कम जमली. योजना आजही चालू आहे, आणि तिच्यात आता उमरावांच्या हवेल्यांबरोबर साध्या घरांची परसदारंही असतात. मला तिच्यातली आवडणारी गोष्ट ही, की बाग ज्याने केली तो बहुतेक वेळा तिथेच उभा असतो. पाहुणा विचारतो, हे झाड कोणतं, याला पाणी किती, किडीचं काय करता. म्हणजे निदान एका दुपारपुरतं बघणाऱ्याला करणाऱ्याशी बोलावं लागतं.

त्याच देशाच्या बागांची दुसरी बाजूही आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉर्सेट परगण्यात लॉर्ड मिल्टनला आपल्या वाड्यासमोर मोकळा हिरवा देखावा हवा होता. मध्ये गाव होतं. त्याने गाव मोडलं आणि पलीकडच्या दरीत, नजरेआड, एकसारख्या घरांचं नवं गाव वसवलं. बागेच्या आखणीत लॅन्सलॉट ब्राउन हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला आखणीकार होता. आज ते नजरेआड केलेलं गाव, मिल्टन ॲबस, त्याच्या गवती छपरांमुळे प्रेक्षणीय स्थळ आहे. रेमंड विल्यम्सने 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या पुस्तकात अशा बागांवर विस्ताराने लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जमिनीचा 'देखावा' होण्यासाठी बघणारा आणि राबणारा यांची फारकत व्हावी लागते. राबणं चौकटीबाहेर गेलं की उरतं ते निसर्गचित्र.

ही फारकत लॉर्ड लोकच करतात असं नाही. माझ्याच घरात त्याचा पुरावा आहे.

खालापूर तालुक्यातला इर्शाळगड मी कॉलेजच्या दिवसांपासून पाच-सहा वेळा चढलो आहे. पायथ्यापासून वर चढलं की इर्शाळवाडी लागायची, ठाकरांची. तिथे पाणी प्यायचं, कोणाच्या तरी ओट्यावर बूट सोडायचे, कोरा चहा घ्यायचा आणि सुळक्याकडे निघायचं. १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगराची कड त्या वाडीवर आली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. त्या आठवड्यात मी माझे जुने फोटो काढून बसलो. सुळका आहे. नेढं आहे. मोरबे धरणाचं पाणी आहे, ढग आहेत, आम्ही मित्र आहोत. वाडी एकाही फोटोत पूर्ण नाही. एका कोपऱ्यात अर्धं छप्पर, एकीकडे दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, एका फोटोत पाठमोरी बाई, तीही चुकून आलेली. ज्यांच्या ओट्यावर बसलो त्यांची नावं मला आठवेनात. मी वाडीत जात होतो आणि व्हॅली बघून येत होतो.

*

कर्जतच्या हिरवेपणाबद्दलही असंच काहीसं आहे. मुंबईहून येणारा माणूस उल्हास नदीला एप्रिलमध्ये वाहताना बघतो आणि म्हणतो, काय निसर्ग आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या एरवी होळीपर्यंत दगडांवर आलेल्या असतात. उल्हास वाहते कारण घाटमाथ्यावर आंध्र खोऱ्यात अडवलेलं पाणी नळांमधून खाली भिवपुरीच्या वीजकेंद्रावर सोडलं जातं आणि जनित्रं फिरवून मग या बाजूला येतं. हे केंद्र १९२२चं. खोपोलीचं त्याच्या आधीचं, १९१५चं, त्याचं पाणी पाताळगंगेला मिळतं. वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना. पाणी हे त्या विजेचं उरलेलं. त्याच उरलेल्या पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि कर्जतच्या कित्येक गावांमध्ये उन्हाळी भात होतो.

म्हणजे ज्याला आपण कर्जतचा निसर्ग म्हणतो त्यातला बराचसा भाग शंभर वर्षांच्या यंत्रकामाचा आणि शेतकऱ्यांनी त्याचा करून घेतलेल्या उपयोगाचा आहे. हे कळल्याने नदी कमी सुंदर होत नाही. मला तर ती जास्त आवडायला लागली. पण काठावर फार्महाऊस बांधणाऱ्या कोणाच्याही माहितीपत्रकात मी हे वाचलेलं नाही. तिथे नदी 'बारमाही' असते, जशी काही स्वभावानेच.

आमचीही दीड एकर खाचरं होती, उल्हासपासून फार लांब नाही. १९९६ साली विकली. बाबा अंबरनाथला कारखान्यात होते, पहाटेच्या लोकलने जायचे. शेत आई बघायची, लावणी-कापणीला बाबा रजा टाकायचे. ताईचं लग्न आणि माझं इंजिनिअरिंग एकाच वर्षी आलं. विकत घेणाऱ्याने फसवलं वगैरे काही नाही, ठरलेले पैसे दिले. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, हा १९४८च्या कूळकायद्याच्या ६३व्या कलमाचा नियम. पण ज्याला घ्यायची असते त्याच्या घराण्यात कुठेतरी सातबारा निघतोच, नाहीतर जमीन बिनशेती होते. आमची कशी झाली हे मी विचारलं नाही. मला फी भरायची होती.

आता तिथे उंच कंपाउंड आहे, इंग्रजी नाव आहे, आत हिरवळ आणि ओळीने रॉयल पाम. रस्त्यावरून जाताना आई अजून बोट करते: तिथे उंबर होता, तिथनं पाणी खालच्या खाचरात जायचं. तिला आत जाऊन बघावंसं वाटतं का, असं एकदा विचारलं. म्हणाली, "कशाला? काय पिकतंय तिथं?"

*

हा तिचा निकष घेऊन मी तिच्यासोबत सगुणा बागेत गेलो. नेरळजवळची ही बाग कर्जत तालुक्यातली, आणि कृषी पर्यटन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी लोकांना खुली झालेली. अमेरिकेत शिकून परतलेल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८५च्या सुमारास हा प्रयोग सुरू केला. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण आलं २०२० साली, यावरून अंतराची कल्पना यावी. नुसती यादी केली तर सगुणा बाग आणि सुरुवातीला सांगितलेलं रिसॉर्ट यांत फार फरक दिसणार नाही. इथेही बैलगाडी आहे, म्हशीवर बसता येतं, तळ्यात मासे आहेत, नदी आहे, शाळांच्या सहली येतात. गर्दीच्या दिवशी गोंगाट असतो.

फरक खाचरात आहे. भडसावळ्यांनी इथेच भाताची एक पद्धत विकसित केली, जिला सगुणा राइस टेक्निक किंवा नुसतं एसआरटी म्हणतात. ती समजायला आधी कोकणातली जुनी पद्धत डोळ्यांसमोर आणावी लागेल. उन्हाळ्यात कवळं तोडून, शेण-पाला पसरून राब भाजायचा. पावसाच्या तोंडावर त्यात बी पेरायचं. रोप वर आलं की खाचरात पाणी अडवून चिखलणी करायची, बैलांच्या आणि माणसांच्या पोटऱ्या चिखलात. मग रोप खणून, मुठी बांधून, डोक्यावरून नेऊन, ओणवं होऊन लावणी. पाऊस पाठीवर. ही लावणी बायकांची. आईच्या कमरेचं दुखणं गुडघ्यांच्या आधीचं आहे, आणि तिच्या वयाच्या आमच्या गावातल्या सगळ्या बायकांची कंबर तशीच आहे.

एसआरटीत एकदा नांगरून गादीवाफे करायचे आणि मग ते मोडायचेच नाहीत. लोखंडी साच्याने ठरलेल्या अंतरावर भोकं पाडायची आणि त्यात बी टोकायचं. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. भात कापला तरी मुळं जमिनीतच राहू द्यायची. ती कुजतात, गांडुळं वाढतात, जमीन भुसभुशीत होते. त्याच वाफ्यावर पुढे वाल किंवा दुसरं काही घेता येतं.

मी हे आईला बांधावर उभा राहून समजावत होतो. तिने मध्येच विचारलं, "म्हंजे वाकायचंच नाय?" टोकायला थोडं वाकावं लागतं, मी म्हटलं, पण लावणीसारखं दिवसभर नाही. ती बराच वेळ वाफ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे आधी यायला पायजे होतं."

इथे मला त्या रिसॉर्टमधली दुपार पहिल्यांदा नीट समजली. एकाच भागातल्या दोन उघड्या बागा. एकीने लावणी हा खेळ म्हणून जपलेला आहे, परंपरा म्हणून, 'अनुभव' म्हणून. दुसरीने तीच लावणी नको व्हावी म्हणून वर्षानुवर्षं डोकं चालवलं. जुनं दिसतं ते पहिलीत. पण माझ्या मते शेतीची परंपरा दुसरीत आहे. कारण शेतकऱ्याने काम जपलेलं नाही, पीक जपलं. कमी कष्टात, कमी पाण्यात, हाच दाणा कसा येईल हे बघणं म्हणजेच शेती. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, 'कर्जत-३', 'कर्जत-७' ही वाणं तिथली. आमच्या गावात म्हाताऱ्यांनीसुद्धा ती हौसेने लावली, 'आपलं जुनं बियाणं गेलं' म्हणून कोणी गळा काढल्याचं मला आठवत नाही. गळा काढतो तो जमीन विकून गेलेला माणूस. म्हणजे मी.

पोपटीचंही तसंच. थंडीत वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून ते उपडं ठेवून वरून जाळ करायचा, हे रायगडचं खाणं. आता प्रत्येक फार्महाऊसवर डिसेंबरात 'पोपटी नाइट' असते. पण वाल येतो भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर. खाचराची हिरवळ केली की मडकं राहतं, पाला राहतो, शेंगा बाजारातून आणाव्या लागतात. हिरवळीला पाणी घालून पोपटी करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. इतकंच म्हणतो की ती खाणाऱ्याला तिची गोष्ट अर्धीच कळते.

*

मात्र सगुणा बागेचं कौतुक करून थांबलो तर ती समीक्षा होणार नाही. दोन गोष्टी मनात राहतात.

पहिली तणाची. चिखलणी ही नुसती मातीची मशागत नव्हती, साचलेल्या पाण्याने तण दबायचं. चिखलणी गेली की तण डोकं वर काढतं, आणि एसआरटीत त्याचा बंदोबस्त मुख्यतः तणनाशकाने होतो. आईचा दुसरा प्रश्न हाच होता: "गवत कशानं मारतात?" उत्तर ऐकून तिने तोंड वाकडं केलं. सेंद्रिय शेतीवाल्यांचा या पद्धतीवरचा आक्षेपही हाच आहे. नांगर टाळून जमिनीचा जीव वाचवायचा आणि त्यासाठी रसायन वापरायचं, हा सौदा प्रत्येकाला पटेलच असं नाही. मला पूर्ण पटलेला नाही. पण हा सौदा आहे हे निदान समोर आहे, त्यावर बांधावर उभं राहून वाद घालता येतो. रिसॉर्टच्या खाचराशी वाद घालायला जागाच नव्हती.

दुसरी गोष्ट अवघड आहे. लावणी गेली की लावणीची मजुरीही जाते. जुलैतले ते दिवस कातकरी आणि ठाकर बायकांच्या हक्काच्या कामाचे असायचे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, तिथे आधीच घेतलेली उचल फेडत उन्हाळा काढतात आणि पाऊस आला की परत येतात, ती शेतीच्या कामाच्या भरवशावर. वाकण्याचं दुःख खरं, पण ज्याच्याकडे स्वतःचं खाचर नाही त्याला वाकण्याचेच पैसे मिळतात. आई सुटकेने बघत होती कारण खाचर तिचं होतं. आमच्याकडे लावणीला येणारी कातकरीण त्याच वाफ्यांकडे कशी बघेल हे मी आईच्या चेहऱ्यावरून ठरवू शकत नाही. चांगल्या बागेतही चौकटीबाहेर कोणीतरी राहतंच. आणि त्या कामातून सुटलेल्या हातांना या भागात जे काम मिळतं ते बहुधा टी-शर्ट घालून पाहुण्यांच्या पोरांना रोपं वाटण्याचं असतं, हा या सगळ्यातला सर्वांत कडू भाग. त्या मुलाला पगार मिळत होता, तो नियमित असेल, कदाचित घरच्या लावणीपेक्षा बराही. फक्त स्वतःच्या वाडीतली खरी लावणी सोडून तो इथली खोटी करत होता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो हसला होता तो म्हणून.

मग पाहुण्याने करायचं काय? फार्महाऊसवर जाऊ नका, असं मी सांगणार नाही; मला तो अधिकार नाही, आमच्या जमिनीवरही एक उभं आहे. उघड्या बागा असाव्यात, जास्त असाव्यात. बंद कंपाउंडपेक्षा उघडं फाटक केव्हाही बरं, आणि ज्याला शेत राखून त्याच्यावर चार पैसे पाहुण्यांकडून मिळतात त्याला ते विकावं लागत नाही. १९९६ साली आमच्या डोक्यात ही शक्यता आली असती तर काय झालं असतं, हा विचार मी फार वेळ करत नाही.

मात्र बघताना काही प्रश्न विचारता येतात, आणि ते मी आईकडून शिकलो. पाणी कुठून येतं आणि बाहेर कुठून जातं? इथलं पीक कोण खातं? इथे काम करणारा राहतो कुठे, आणि त्याच्या घरची लावणी झाली का? बागेत फिरताना हे विचारणं तऱ्हेवाईक वाटेल. पण नाटकाला गेल्यावर आपण कथानकाबद्दल बोलतोच की. बागेचं कथानक पाण्यात, पिकात आणि माणसांत असतं. फुलं ही नेपथ्याची बाजू. ती चांगली असावीत, एवढंच.

त्या दिवशी नेरळहून निघताना पार्किंगमध्ये आई रेंगाळली. गुडघे धरले असतील असं वाटून मी गाडी पुढे आणली. ती काचेपाशी वाकली आणि म्हणाली, "ह्यांचा तांदूळ विकत मिळतो का, बघ ना विचारून." रिसॉर्टमधून निघताना तिने काहीच मागितलं नव्हतं.